टांगानिकाहून आलेली गाडी

यवतमाळच्या सरकारी कचेरीत मी मोटारनोंदणीच्या टेबलावर कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. छापील फॉर्म मात्र जुनेच होते. वरचं राज्याचं नाव खोडून आम्ही पेनानं नवं लिहायचो. काम बेताचं. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या मोटारी, काही ट्रक, एखादी फटफटी. माझं वय सत्तावीस, हुद्दा लहान. पण माझ्या टिपणीवाचून साहेब सही करत नसत, आणि ते मला फार सुखाचं वाटायचं.

एका सकाळी आवारात एक गाडी येऊन थांबली. जीपसारखीच, पण जीपहून लांब आणि उंच, मळकट हिरव्या रंगाची, जादा चाक बॉनेटवर बांधलेलं. आवाज ट्रकसारखा. आतून चाळिशीचा एक माणूस उतरला. खाकी पँट, धुतलेला शर्ट. कुण्या साहेबाचा ड्रायव्हर असेल असं मला वाटलं. त्यानं सांगितलं की गाडी त्याची स्वतःची आहे आणि तो फुलसावंगीच्या पुढच्या एका तांड्यावरचा बंजारा आहे.

लढाईच्या दिवसांत तो पलटणीत ट्रक चालवायचा. तिथून आफ्रिकेत गेला आणि टांगानिकात जमिनीची मोजणी करणाऱ्या एका इंजिनियर साहेबाकडे बारा वर्षं राहिला. साहेब मायदेशी परतताना आपली वापरलेली डिझेल गाडी त्याला देऊन गेला. ती त्यानं बोटीवर चढवली, मुंबईच्या गोदीत कित्येक आठवडे बसून सोडवून घेतली आणि तात्पुरत्या परवान्यावर चालवत यवतमाळपर्यंत आणली. पावसाळ्याचे चार महिने त्याच्या तांड्याला रस्ता नसतो, काळ्या चिखलात बैलगाडीही रुतते. ही गाडी चारही चाकांनी जोर लावते, म्हणाला. आमचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे, मी हिच्यात माणसं वाहीन. हे सांगताना तो हसला होता.

कागद त्यानं मेणकापडात बांधून आणले होते. तिकडचं नोंदणीपुस्तक, साहेबाचं बक्षीसपत्र, गाडी देशात आणायची परवानगी, जकातीची पावती. मी एकेक कागद उलटून पाहिला. खोट काढायला जागा नव्हती.

मग मी त्याला चासीच्या नंबरचा छाप आणायला सांगितलं. लोखंडावर कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, तो छाप. त्यानं तो आणला. कागदपत्रांत शेवटचा आकडा आठ होता, छापात तो तीनसारखा दिसत होता. तिथं गंज चढला होता, हे कोणालाही कळलं असतं. तो म्हणाला, "घासलेटाचा बोळा मारतो साहेब, तुमी एकडाव येऊन पाहा."

गाडी माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर उभी होती.

"तू मले शिकवू नको," मी म्हणालो. तो माझ्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठा होता.

तेव्हा मनात काय होतं ते मला नीट आठवतं. आम्ही दारव्ह्याकडचे कास्तकार. माझ्या बापाचा जन्म बैलांच्या दमणीत गेला, मला सायकल मिळाली तीच नोकरी लागल्यावर. आणि हा तांड्यावरचा माणूस परदेशी गाडी घेऊन माझ्यासमोर उभा. आमच्या गावात काही चोरीला गेलं की म्हातारी माणसं आधी तांड्याकडे बघायची. ते बघणं माझ्यातही होतं. मी टिपणी लिहिली: अर्जदार बंजारा जमातीचा, एवढी गाडी बक्षीस मिळाल्याचे विश्वसनीय वाटत नाही, नंबर जुळत नाही, चोरीचा संशय. साहेबांनी न वाचता सही केली आणि कागद पोलिसांकडे गेला.

त्यांनी गाडी ठाण्याच्या आवारात लावून घेतली. त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. मग भर दुपारी तांड्यावर जाऊन त्याच्या आईच्या घराची झडती घेतली, पेटीतले कपडे सगळ्यांदेखत अंगणात टाकले. हे मला ठाण्यातल्या शिपायानंच हसत सांगितलं. मीही हसलो.

मुंबईहून उत्तर यायला अख्खा पावसाळा गेला. कागद खरे, नंबर बरोबर. कोणीतरी चासी पुसली तेव्हा आठ स्पष्ट दिसला. तो नोंदणीपुस्तक न्यायला आला तेव्हा मी फक्त म्हणालो, "इथं सही कर." त्यानं केली आणि गेला.

वर्षभरानं तो पुन्हा आला. बरोबर राजूरच्या कोळसा खाणीवरचा एक ठेकेदार होता. गाडी ठेकेदाराच्या नावावर करायची होती. या वेळी मी त्याला अहोजाहो केलं.

"काहून विकून राह्यले तुमी?"

"तांड्यावरचं कोणी बसत नाई तिच्यात. चोरीची हाय म्हणतात." तो शांतपणे बोलत होता. "बाजाराच्या दिवशी शिपाई दर खेपेले थांबवते. मांगच्या महिन्यात एक बाई अडली. तिच्या घरच्याईनं चिखलातून बैलगाडी काढली, पन माया गाडीत नाई बसवली."

ती बाई वाचली का, असं मी विचारलं. वाचली, म्हणाला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ठेकेदार घाई करत होता. मी शिक्का मारला. गाडी विकून तो पुन्हा दूर कुठल्याशा धरणाच्या कामावर निघून गेल्याचं नंतर कानावर आलं.

पुढे एका निवडणुकीत माझी नेमणूक नेमकी त्या तांड्याजवळच्या शाळेवर झाली. मतदान संपत आलं तेव्हा एक म्हातारी जवळ आली. मी यवतमाळच्या कचेरीतला, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती त्याची याडी, म्हणजे आई.

"माया पोराची गाडी चोरीची व्हती का, साहेब?"

"नाही. त्याचीच होती."

"मंग हे नाईकाले सांगसान का?"

तिनं मला नाईकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर नेलं. पंधरा-वीस माणसं जमली. मी सांगितलं की गाडी त्याच्या मालकीची होती, कागद पक्के होते, कचेरीची चूक झाली. नाईकानं विचारलं,

"चूक कोनं केली?"

"होता एक कारकून," मी म्हणालो. "बदलून गेला."

म्हातारीनं डोळे पुसले. एवढ्या वर्षांत कचेरीतला एक माणूस खरं बोलला, असं ती जमलेल्यांना सांगत होती. तिनं मला घरी नेऊन भाकर आणि लसणाची चटणी वाढली, आणि मी ती खाल्ली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, तांडा कसा होता. चांगली माणसं आहेत, एवढंच मी बोललो. चाळीस वर्षं आम्ही एका घरात काढली, पण तिलाही हे सांगितलं नाही. तो कारकून बदलून गेला नव्हता. ती टिपणी माझ्या हातची होती.