आत्याची पहिली पंगत

माणसाची अक्कल त्याच्या आईच्या ताटावरून मोजणारी बाई अख्ख्या निजामाच्या राज्यात एकच होती, आणि ती माझी आत्या होती. सासरी, कुंभार पिंपळगावात, तिच्या तपासणीतून कोणी सुटलं नव्हतं. मास्तर तापट होते, कारण पोटुशी असताना त्यांची आई ठेचा-भाकरीवर राहिली होती. एकदा गिरदावर जमिनीच्या नोंदी तपासायला आले, तर पाणी देता देता तिने विचारलं, "साहेब, तुमच्या वक्ताला आईला डोहाळे कशाचे होते?" साहेब म्हणाले, "मालूम नाही." "बराबर," आत्या म्हणाली, "विचारलंच नसंल कोणी." माझ्या कच्च्या गणिताचं खापर तिने माझ्या आईच्या उपासांवर फोडलं. मला ते सोयीचं पडलं.

गावात कोणाला दिवस गेल्याचं कळलं की जेवणवेळेला आत्या त्या घरी हजर. चुलीजवळ बसायची आणि ती सून जेवेपर्यंत हलायची नाही. तिला दुरून पाहिलं की सासवा ताट वाढायला घेत.

जालन्याला आमच्याकडे ती आली तेव्हा वहिनीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, सहावा महिना होता. वहिनी हडकली होती, भिंत धरून उठायची. तरी आई तिला अर्धीच भाकरी वाढायची, तीही पुरुषांची पंगत उठल्यावर. मूल मोठं झालं तर बाळंतपण अडेल, असा सगळ्यांचाच समज होता. आत्याने पहिल्याच दिवशी वहिनीला वडिलांच्या पाटावर बसवलं आणि पुढे दोन भाकरी, वरण, तूप ठेवलं. वडील हात धुऊन आले ते उभेच राहिले.

"हे काय करून राह्यली?"

"दादा, तुमचं जेवण घडीभर थांबंल. पोटातल्या लेकराचं डोकं थांबत न्हाई."

"कोण्या हकिमानं सांगितलं?"

आत्याने अंगणाकडे बोट केलं. तिचा वीस वर्षांचा मुलगा कोंबड्यांना दाणे टाकत होता. तो जन्मात एक शब्द बोलला नव्हता.

"याच्या वक्ताला दुष्काळ होता. मी समद्यांच्या मागून जेवायची. मागं काही उरत नसायचं."

कारण तेच होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. वडील ओट्यावर जाऊन बसले. बाळंतपणापर्यंत आमच्याकडे पहिली पंगत वहिनीची.

मुलगी झाली, ठणठणीत. दीड वर्षाची असताना बोलू लागली आणि मग थांबेना. आत्या आली की तिला आपल्या मुलासमोर बसवायची. पोरगी त्याला काहीबाही सांगायची, तो तिच्या ओठांकडे टक लावून बघायचा.

वडील एकदा वैतागून म्हणाले, "किती ही बडबड. गप कर तिला."

"असू द्या, दादा," आत्या म्हणाली. "आमच्या घरी लई शांत असतं."