आई उचलण्याचा व्यायाम

पन्नाशी उलटल्यावर मी जिममध्ये नाव घातलं, ते आईला उचलता यावं म्हणून. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं चालणं बंद झालं होतं. जळगावच्या आमच्या घरात सकाळचं ऊन फक्त ओट्यावर येतं, आणि आईला ते ऊन हवंच असायचं. पलंगावरून उचलायचं आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसवायचं, काम एवढंच. तरुणपणी मी गावच्या नाटकात भीम केला होता. त्याच थाटात पहिल्या दिवशी वाकलो, कंबरेत लचक भरली आणि आम्ही दोघंही गादीवर आडवे!

आई शिरपूरकडची. रागावली की अहिराणीत रागावते. हसतेही अहिराणीतच.

"पाडशी माले! मी काय कापूसनं पोतं शे का?"

जिममधली ट्रेनर धुळ्याची, माझ्या मुलीच्या वयाची आणि दयामाया नसलेली. जमिनीवरचा लोखंडी बार उचलून सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. ऐकायला सोपं. तिने आधी माझ्या हातात झाडूचा दांडा दिला.

"काका, पाठ वाकवू नका. ढुंगण मागे न्या. अजून मागे. लाजताय कोणाला?"

समोरच्या आरशात एक टकलू गृहस्थ झाडू धरून नसलेल्या खुर्चीवर बसू पाहत होता. मला इतकं हसू आलं की दांडाच सुटला. पण हळूहळू जमायला लागलं. दांड्याच्या जागी बार आला, बारला प्लेटा लागल्या.

खरी प्रगती मात्र घरी दिसायची. सुरुवातीला आईला उचलताना दातावर दात घट्ट बसायचे. मग मी उचलता उचलता बोलू लागलो. दिवाळीनंतर तर तिला हातांवर घेऊन दारातच उभा राहिलो आणि शेजारच्या नानांशी केळीच्या भावावर गप्पा मारल्या.

"वा भाऊ! पैलवान झालात की!" नाना म्हणाले.

एवढी दाद मिळाल्यावर मी थांबतोय? आईला घेऊन एक गिरकीच मारली. तिच्या बांगड्या खळखळत थेट कोपरापर्यंत घसरल्या. मी फक्त त्यांचा आवाज ऐकला.

जिममधला बार मात्र एका वजनावर अडून बसला. महिना झाला तरी हलेना.

"घरी आई पिसासारखी उचलली जाते," मी ट्रेनरकडे तक्रार केली. "इथेच माझं काय चुकतं?"

ती बाटलीत पाणी भरत होती. "आजींचं वजन शेवटचं कधी केलं होतं, काका?"

 मी बारच्या प्लेटा काढून ठेवल्या आणि घरी निघालो.

संध्याकाळी आईच्या उशाशी बसलो. "जेवण जात नाही का तुला?"

"जास की थोडंसं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतला खूश व्हता. रोज म्हणे, आज सोपं गयं. कसाले सांगू?"

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. आता तपासण्या चालू आहेत, पातळ खिचडी चालू आहे, आणि माझ्याशी सगळे जपून बोलतात. ते 'आधी' नेमकं कुठल्या सकाळी होतं, हे मी शोधत बसतो. दात आवळायचे थांबले त्या सकाळी? की गिरकीच्या? तिचं घटणं रोज माझ्याच दोन हातांत येत होतं आणि मी ते माझ्या मांड्यांच्या खात्यात जमा करत होतो.

गेल्या आठवड्यात अडलेला बार उठला. ट्रेनरने शिट्टी मारली. मी घरी सांगितलं नाही. उलट हल्ली आईला उचलताना मी धापा टाकतो, डोळे पांढरे करतो, दोन पावलांवर थांबून भिंतीला टेकतो. अजूनही ती बरीच जड आहे, असं तिला वाटावं म्हणून. खरं तर मला वाटावं म्हणून.

"नाटक पुरं कर," ती म्हणते. "ऊन सरकी राहिनं."