रिसेप्शनच्या मुलाखतीतले कप

पळसदरीजवळच्या एका रिसॉर्टला रिसेप्शनसाठी मुलगी हवी होती. माझा कर्जतला हॉटेलच्या कामाचा कोर्स झालेला, अंगात घालायला मैत्रिणीचा काळा कोट. आरशासमोर उभं राहून इंग्रजी इतकं घोकलं, की आई म्हणाली, "बाय, त्या आरशालाच नोकरी लागंल आता." आमच्या आळीतल्या बायका त्या रिसॉर्टात जातात, शेजारच्या काकूसुद्धा जातात, पण मागच्या दाराने, लाद्या पुसायला. मला पुढच्या दाराने जायचं होतं. बस, एवढंच.

आणि गेलेही! समोर मॅनेजर आणि मुंबईच्या एक मॅडम. मी शिकवल्याप्रमाणे ताठ बसले, कुठे अडखळले नाही. "छान बोलतेस," मॅडम म्हणाल्या. चहा आला, तोसुद्धा फुरके न मारता प्यायले.

मग मॅडमचा फोन वाजला, मॅनेजर कागद चाळू लागले, आणि मी उठले. देवाशप्पथ, कधी उठले ते माझं मलाच कळलं नाही. लहानपणापासून आईचं एकच, "दुसऱ्याकडं उष्टं ठेवून उठायचं नाय गं." माझा कप उचलला, त्यांचेही दोन्ही उचलले, शेजारच्या पॅन्ट्रीत नेऊन विसळले, पालथे घातले आणि ओले हात त्या कोटाला पुसत परत आले.

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"अगं, किती गुणी आहेस!" मॅडम म्हणाल्या. "रिसेप्शनचं नंतर बघू. किचनला मुलगी हवीच आहे आम्हाला. सोमवारपासून ये."

अस्सा संताप आला! त्यांचा नाही, माझ्याच हातांचा. आणि तोंडातून काय निघावं? "थँक यू, मॅडम." आरशासमोर घोकलेलं, अगदी स्वच्छ.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, तिलाही वाईट वाटेल. तिने तर कानशिलांवर बोटं मोडली. "बघ, वळण दिसलं त्यांना!" आणि लगेच दारातून काकूंना हाक. "ऐकलंस का गं, पोरीला नोकरी लागली!"

काकू धावतच आल्या. "अगं बया! मंग आता पुढं, खुर्चीवर बसणार तू?"

"हो," मी म्हणाले. त्या तिथेच कामाला जातात हे ठाऊक असून म्हणाले.

सोमवारी मागच्या दाराने शिरले, तर काकू तिथेच लादी पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बादली बाजूला सरकवून मला वाट करून दिली.