कडेगावच्या घराची जुनी चौकट

माझी पुण्यातली रूममेट सलमा शिकायला आलेली आहे, घर पूर्व जेरुसलेमचं. आजोबांपासूनचं ते घर खाली करा, असा निकाल तिथल्या कोर्टाने दिला आणि पोरीने जेवणच सोडलं. फोनकडे बघत बसण्यापेक्षा चल कडेगावला माझ्या मावशीकडे, म्हटलं.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरा. साताऱ्यात उतरून कंदी पेढे घ्या, पुढे उंब्रजला गाडी रखडते तेव्हा कामी येतात. तिथेच शेजारच्या सीटवरच्या काकांनी सलमाची चौकशी केली. ऐकून म्हणाले, "कोर्टानं सांगितलं म्हंजे कागद कच्चा असंल त्येंचा." माझं डोकं सटकलं. तिथल्या कायद्याने ज्यू माणसाला सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी गेलेलं घर परत मागता येतं, सलमाच्या वडिलांसारख्या अरबाला येत नाही. कागद पक्का करायचा कुठून? मी हे मोठ्याने बोलले. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

कराडला गाडी बदलून दुपारी कडेगाव गाठलं. मावशीचं सासर धरणात गेलं, तेव्हा सरकारने त्यांना इकडे आणून बसवलं. त्या वेळी लोकांनी आपापली घरं स्वतःच्या हातांनी उतरवून आणली. मावशीच्या आताच्या स्लॅबच्या घराला तीच जुनी सागवानी चौकट आहे.

भाकरी थापता थापता मावशीने सलमाला विचारलं, "चौकट काढली का गं तुज्या बापानं? आदी चौकट काढावी, मग कौलं. पाणी चढाय लागलं की हात चालत न्हाईत."

सलमा मोडक्या मराठीत म्हणाली, "पाणी नाही येत, मावशी. दुसरे लोक येतात. राहायला."

मावशीचा हात थांबला. "हिच्या घरात? हाय त्या घरात?"

"व्हय," मीच म्हटलं.

"आमच्या घरात मासं ऱ्हायलं गं. माणसं न्हाई."

सलमाचे वडील भिंतीतला खिळासुद्धा काढू देत नाहीत. सामान बांधलं म्हणजे आपण जायला कबूल झालो, असं त्यांचं म्हणणं. मावशीला ते पटेना. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "उनाळ्यात पाणी उतरलं की आमचं जोतं उघडं पडतं. मी जाते, हळदकुंकू वाहते, बसते घडीभर. धरण बी वर्सातनं एकदा आमाला दारात येऊ देतंय."

निघताना तिने सलमाची ओटी भरली. आमटी-भाकरी आणि ठेचा असा होता की सलमा दोन्ही वेळा पोटभर जेवली, एवढं या सहलीचं पुण्य.

पुण्यात परतलो आणि त्याच आठवड्यात सलमाच्या घरच्यांना बाहेर काढलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तिथल्या सलमाच्या खोलीच्या खिडकीला दुसऱ्या कुणाचा तरी पडदा होता. वडील रोज समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहतात, पोलीस हुसकावतात. "शांतपणे घ्या" म्हणणाऱ्यांचा मला आता संताप येतो. शांतपणे घ्यायला ठेवलंय काय त्यांच्याकडे?

मावशीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं,

"दारात तरी जाऊ देत्यात का?"

"नाही."

"उनाळ्यात?"

"नाही मावशी. उन्हाळ्यातही नाही."