तीन नंबरचा खांब

कालिना गावातल्या एकुलत्या एक दुकानाच्या काउंटरवर व्हर्ना प्रोकोपिउकनं एकतीस हिवाळे काढले. उन्हाळे मोजायची आमच्या कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये पद्धत नाही. ते कधी येतात आणि कधी जातात, पत्ताच लागत नाही. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. नवरा लॉर्न जाऊन नऊ वर्षं झालेली. काउंटरखाली तिचे लोकरी बूट असत आणि बुटांशेजारी जंपरच्या, म्हणजे बंद पडलेल्या गाडीला दुसरीच्या बॅटरीतून वीज द्यायच्या, जाडजूड वायरींचं वेटोळं. दुकानात बिस्किटांचे पुडे लावायला शिकण्याआधी ती बॅटरीला जंपर लावायला शिकली होती.

शिकवलं जुन्या मालकानं, वासिलनं. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची गाडी दारात बंद पडली आणि ही आतून बघत उभी राहिली.

"तमाशा बघतेस?" वासिल म्हणाला. "जा बाहेर."

"मला गाडीतलं काय कळतंय?"

"माणसातलं कळतं ना? तेवढं पुरे. हे बघ, गिऱ्हाईक घरून निघालं की आपलं. परत घरी पोचेपर्यंत आपलंच. दार ओलांडलं म्हणून परकं होत नाही."

दुकानासमोर वासिलनं सहा खांब रोवले होते. आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. थंडीत गाडी उभी केली की ती खांबावरच्या प्लगात खुपसायची, म्हणजे आतला हीटर इंजिन गोठू देत नाही. गोठलंच, तर व्हर्ना जंपर घेऊन बाहेर यायची. कुणाच्या गाडीची वायर कुठल्या रंगाची, हे तिला त्यांच्या पोरांच्या नावांसारखं पाठ होतं.

वासिल गेला, त्याच्या मुलांनी दुकान एका कंपनीला विकलं, आणि शहरातून ब्रेडन नावाचा मॅनेजर आला. ब्रेडन वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. डिसेंबरात कंपनीच्या दुसऱ्या एका दुकानात जंपर लावताना बॅटरी फुटून एका नोकराचा चेहरा भाजला. लगेच वरून पत्र आलं: गिऱ्हाइकाच्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, टोइंगवाल्याचा नंबर द्यायचा, तोही हसून. जंपर कचऱ्यात गेले. जानेवारीत तपासणीवाला आला आणि म्हणाला, खांबांच्या वायरी कुजल्यात, दुरुस्तीपर्यंत बंद ठेवा. तेही खोटं नव्हतं.

त्या बुधवारी सकाळी उणे छत्तीस होतं. ब्रेडनच्या सांगण्यावरून व्हर्नानं मागच्या खोलीतल्या बोर्डावरचा खटका खाली पाडला, त्यावर चिकटपट्टी लावून स्वतःच्या हातानं 'बंद' लिहिलं, आणि दाराच्या काचेला आतून खांब बंद असल्याची नोटीस चिकटवली. चार माणसं आत आली की त्यांच्या श्वासानं त्या काचेवर बर्फ धरतो, हे तिला एकतीस वर्षं माहीत होतं. तरी तिथेच चिकटवली. साडेनवापर्यंत कागदापुढे बर्फाची पांढरी साय आली होती; बाहेरून अक्षर दिसत नव्हतं.

दहाला ओरेस्ट मिखाल्चुक आला. वय एक्याऐंशी, बायको नाही, लेक चाळीस मैलांवर. सगळं गाव त्याला वुइको म्हणायचं, म्हणजे युक्रेनी भाषेत मामा. सोबत त्याचा म्हातारा कुत्रा, बुर्को. वुइकोनं नेहमीप्रमाणे तीन नंबरच्या खांबाला ट्रक लावला, वायर खुपसली, कुत्र्याला आत ठेवलं, आणि पिरोहीसाठी, म्हणजे उकडलेल्या करंज्यांसाठी, मैदा-पनीर घेऊन कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलावर सव्वा तास गप्पा हाणल्या. मग तो बाहेर गेला आणि लगेच परत आला.

"पोरी, जंपर आण गं. म्हातारी रुसलीय."

"तुमच्यावर कोण रुसणार नाही, वुइको?" ती हसली आणि पुढच्याच क्षणी ओशाळली. "पण जंपर नाहीत हो. वरून हुकूम आलाय. टोइंगवाल्याला फोन लावू?"

"तो येणार जेवून-खाऊन, आणि आल्यावर मला अक्कल शिकवणार. राहू दे. गाडी प्लगला लावलीय, तासाभरात ऊब धरेल."

मागे पाच जणांची रांग. तिच्या हातात कुणाची तरी अंडी. "प्लगला लावलीय ना? मग होईल चालू," ती म्हणाली. "तोवर आत बसा."

"बुर्को एकटा राहत नाही. गोधडी आहे माझ्याकडे."

आणि तो गेला. सकाळी ज्या हातानं खटका पाडला, त्याच हातानं तिनं अंडी पिशवीत ठेवली. जित्याची खोड म्हणतात ती ही. एकतीस वर्षं त्या खांबांत वीज होती, तशी ती आजही होती, तिच्या डोक्यात. मधूनच तिनं काचेवरचा बर्फ नखानं खरवडून बाहेर पाहिलं. तीन नंबरला ट्रक, नाकातून वायर प्लगात, आत दोन डोकी. तिला बरं वाटलं. आपली माणसं नीट आहेत, असं वाटलं.

एक वाजता ती डबा आणायला मागे गेली. डब्याच्या वर, भिंतीवर, तिच्याच अक्षरात 'बंद' लिहिलेलं होतं.

ती कोट न घालता धावली. वुइकोनं आपला कोट बुर्कोवर घातला होता. बॅटरीचा स्क्रू आवळायला हातमोजे काढले होते, ते पुन्हा घालायची शुद्ध राहिली नव्हती. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. तिनं दार उघडलं तेव्हा तो जड जिभेनं म्हणाला, "थांब पोरी. होतंय गरम."

अँब्युलन्स गेल्यावर ब्रेडननं नोटीस काढली, काच स्वच्छ खरवडली, नोटीस पुन्हा चिकटवली आणि त्या नोटिशीचा फोटो काढला. व्हर्ना बुर्कोला धरून बघत होती.

वुइको जगला. डाव्या हाताची दोन बोटं आणि पायाची चार गेली. पाचव्या दिवशी ब्रेडननं तिच्यापुढे कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की नोटीस दारावर स्पष्ट दिसत होती. खाली सही करायची होती.

"यात कुणाचं वाईट नाही, व्हर्ना. तुमचं तर मुळीच नाही."

तिनं पेन घेतलं आणि सहीच्या जागेवर लिहिलं: 'नोटीस दिसत नव्हती. त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, होईल चालू. खटका मीच पाडला होता.' मग सही केली.

"तुम्हाला काढून टाकतील हो!"

"टाकू देत. पण त्या कागदावर खोटं नाही लिहायची मी."

काढलं नाही. असं काही लेखी आलं की मोठी माणसं गप्प बसतात. पंधरा दिवसांत नव्या वायरी आल्या. व्हर्नानं लॉर्नचे जुने जंपर घरून आणून काउंटरखाली ठेवले; ब्रेडननं ते पाहिले आणि तो कपाटातले डबे सरळ करत राहिला.

ती दवाखान्यात गेली तेव्हा तिनं वुइकोला सगळं सांगितलं, एकदम, बसायच्या आधी. वुइकोनं पट्ट्या बांधलेला हात पांघरुणावर ठेवला.

"तू म्हणालीस म्हणून नाही बसलो, पोरी," तो म्हणाला. "वासिलचा खांब आहे म्हणून बसलो."

शिवी दिली असती तर तिला सोसली असती. घरी जाऊन ती लॉर्नच्या खुर्चीत बसून रडली.

मार्चमध्ये वुइको पुन्हा आला. लेक गाडी चालवत होती, मागे बुर्को. काठी टेकत तो उतरला. डाव्या हातमोज्याची दोन बोटं दुमडून शिवलेली होती. त्यानं वायर उचलली, तीन नंबरच्या खांबापाशी थांबला, पण खुपसली नाही. ती तशीच लोंबती सोडून दारात आला.

"पोरी, चालू आहे ना?"

कॉफीच्या टेबलावरची डोकी दाराकडे वळली.

"चालू आहे, वुइको."

तो तिथेच उभा राहिला. मग व्हर्ना काउंटरमागून बाहेर आली, खांबापाशी गेली, वायर प्लगात घातली आणि गाडीच्या नाकाशी बर्फात गुडघे टेकून कान लावला. वुइकोही काठीवर वाकला. हीटरचा बारीक, सूं असा आवाज दोघांनी ऐकला.

"आहे," तो म्हणाला, आणि आत येऊन त्यानं कॉफी घेतली.

त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत गावातला जो तो दारात येऊन आधी तेच विचारी, आणि व्हर्ना प्रत्येकाबरोबर बाहेर जाई. एकतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.