शेखा यमनाची गेलेली नावं

अल्जीरियातल्या ओरान शहरात कद्दूरच्या कॅसेट स्टुडिओत मिलूद सव्वीस वर्षं रेकॉर्डिंग करत होता. खाली वेल्डरचं दुकान. गाणारा श्वास घ्यायला थांबला, की खालची खणखण माइकात शिरायची. म्हणून माइकाच्या वाटेवर मिलूदने दोन यंत्रं बसवली होती. पहिलं नॉइज गेट, म्हणजे आवाजाचा दरवाजाच. ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर आवाज आला की उघडायचा, खाली गेला की बंद. दुसरं कॉम्प्रेसर, चढलेला आवाज दाबणारा. गाणाऱ्याचा आवाज चार पायऱ्या चढला, तर तो एकच पायरी चढू द्यायचा. मग दबलेलं सगळं वर उचलावं लागे, आणि गेट ढिलं असेल तर वेल्डरही त्यासोबत वर येई.

हे सगळं त्याच्या बोटांत होतं. कानात मात्र उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बायको हूरिया म्हणाली होती, "अहो, किटली केव्हाची शिट्टी मारतेय, झोपलात की काय?" तो किटलीशेजारीच बसला होता. त्या दिवसापासून तो लुकलुकणारे दिवे आणि हलणारे काटे बघून काम करायचा. कद्दूरला त्याने कळू दिलं नाही. दुसरं काय येत होतं त्याला?

वसंतात शेखा यमना आली. पंच्याहत्तरीची गायिका, एके काळी लग्नाच्या मांडवात माइकाशिवाय गाणारी. सोबत लेक बदरा होती. तिला म्हातारीने खालीच बसवलं.

"पोरीसमोर हे गाणं गात नाही मी," ती म्हणाली. "माझ्या आईचं आहे. आमच्या गावची नऊ माणसं एका दिवसात गेली, त्यांचं. वाद्य नको. आणि एकदाच गाईन हं, बाळा. दुसऱ्यांदा दम पुरणार नाही."

"एकदाच पुरे, खाला. तुमचा आवाज मला पाठ आहे."

तिथेच चुकलं. पाठ होता तो वीस वर्षांपूर्वीचा आवाज. त्याच अंदाजाने त्याने उंबरठा उंच ठेवला, दरवाजा मिटण्याचा वेळही अगदी तोकडा ठेवला. म्हातारी डोळे मिटून गायली. गेट बंद झाल्याचा तांबडा दिवा प्रत्येक ओळीच्या शेवटी लागत होता. मिलूदला वाटलं, श्वास घेतेय.

"ऐकणार का?" त्याने विचारलं.

"स्वतःचा आवाज ऐकायचं वय गेलं माझं." ती हसली आणि जिना उतरून गेली.

पाच आठवड्यांनी ती वारली. चाळिसावा झाल्यावर बदरा कॅसेट घेऊन स्टुडिओत आली.

"मिलूदभाऊ, नावं कुठायत?"

"कसली नावं?"

"प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक नाव आहे. आई ते पुटपुटायची फक्त. लहानपणी दाराआडून ऐकायचे मी. इथे तर ओळ मध्येच तुटते."

मिलूदने हेडफोन लावले. त्याला काहीच चुकीचं वाटेना. पुटपुटणं आणि शांतता, त्याच्या कानाला दोन्ही एकच होती. घरी नेऊन त्याने हूरियाला ऐकवलं. तिने तीनदा ऐकलं आणि मान हलवली. "नाही हो. तिथे काहीच नाही."

दरवाजा टेपच्या अलीकडेच बंद झाला होता. टेपवर नावं पोचलीच नव्हती. आता कुठलंही बटण फिरवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी तो बदराच्या घरी गेला आणि कानांचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला दोनच आठवतात. मन्सूर आणि रहमा. बाकी सात तुम्ही घालवलीत." तिने कॉफी विचारली नाही.

कद्दूरला सांगितलं, तर तो खांदे उडवत म्हणाला, "कोणाला कळतंय? कॅसेट खपतेय." मिलूदने काम सोडलं. कद्दूरने अडवलं नाही.

शरद ऋतूत तो कानांच्या डॉक्टरकडे निघाला, तेव्हा टॅक्सीत तेच गाणं लागलं होतं.

"ऐका, हाजी," ड्रायव्हर म्हणाला, "ओळ टाकते आणि कशी थांबते बघा! त्या थांबण्यात काळीज कापते म्हातारी."

मिलूदला सांगायचं होतं, की ती थांबलेलीच नाही. त्याने तोंड उघडलंही. मग खिडकीची काच वर घेतली आणि दवाखाना येईपर्यंत गप्प बसून राहिला.