एकाच खात्याची दोन कार्डं

किल्लीवाला आणि त्याचा थोरला भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. शेवटचं बोलणं झालं तेव्हा परदेशात स्थायिक झालेला दादा म्हणाला होता, "तुझा फोन आला की समजायचं, काहीतरी हवंय." झालं! एवढ्या एका वाक्यावर किल्लीवाला असा बिथरला, की 'मेलो तरी तुझ्यापुढे हात पसरणार नाही' म्हणून त्याने फोन आपटला. एका आईची लेकरं, हट्टाला दोघंही सारखीच.

आणि आता वहिनीचा फोन. दादाचं काही खरं नाही, आठवडा निघाला तरी पुष्कळ, येणार असाल तर लगेच या, भाऊजी. तिकीट पाठवते म्हणाली. "तिकिटाचं मी बघतो, वहिनी," एवढंच हा बोलला.

तेव्हा हा माणूस निघाला तोच दोन धास्त्या घेऊन. दादा भेटेल की नाही ही एक धास्ती, आणि तिथे पैशांचं काही अडलं तर दादापुढेच तोंड उघडावं लागेल ही दुसरी. खरं सांगायचं तर दुसरी थोडी मोठीच होती, आणि त्याची त्याला मनातून लाज वाटत होती.

रोख बरोबर न्यायला तो तयार नव्हता. कुठलं कुलूप किती सेकंदांत उघडतं हे तीस वर्षं पाहिलेला माणूस खिशात नोटा घेऊन हिंडेल कसा? मग बँकेत गेला. काउंटरवरच्या मुलीने सगळं नीट समजावलं. क्रेडिट कार्डावर रोख काढली की पहिल्या दिवसापासून व्याज. प्रवासी कार्डात तिकडचं चलन आधीच भरून ठेवायचं, त्याचा हिशेब वेगळा. आणि साधं डेबिट, दर वेळी थोडं शुल्क कापणारं. याने तिन्ही कार्डं पाठपोट तपासली, जणू किल्लीचे दाते घासायला घेणार होता.

"डेबिटच द्या, पण दोन," तो म्हणाला. "एका किल्लीवर घराबाहेर पडणाऱ्यांच्या जिवावर तर माझी चूल पेटते."

"काका, दोन्ही एकाच खात्याची होतील. त्यापेक्षा एक प्रवासी कार्ड घ्या ना."

"अगं, एका कुलपाला दोन किल्ल्या असल्या की झालं. दुसरं कुलूप कशाला वाढवतेस?"

मुलगी हसली. तिला पटलं, असं याला वाटलं.

एक कार्ड पाकिटात, दुसरं डाव्या मोज्यात. विमानात तो दर थोड्या वेळाने वाकून मोजा चाचपायचा, इतका की शेजारच्या बाईंनी शेवटी जागा बदलून घेतली. विमानतळावरून बंदरापर्यंतची बस कार्डावर मिळाली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

दादाचं घर समोरच्या बेटावर. दिवसातली शेवटची बोट चार वाजता, हे वहिनीने तीनदा बजावलं होतं. साडेतीनला हा तिकिटाच्या खिडकीशी पोचला. आतल्या म्हाताऱ्याने कार्ड पाहून मान हलवली आणि अंगठ्यावर बोट चोळून दाखवलं. रोखच हवी.

मशीन बाजूलाच होतं. याने कार्ड घातलं, नंबर दाबला, मशीन घरघरलं आणि कार्ड बाहेर आलं, नुसतंच. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. भिंतीआड जाऊन बूट काढला, दुसरं कार्ड आणलं. तेही तसंच परत आलं. तोंडचं पाणी पळालं बिचाऱ्याचं. बँकेला फोन लावला.

"सर, परदेशातून लागोपाठ प्रयत्न झाले म्हणून सुरक्षेसाठी खातं थांबवलंय," पलीकडचा आवाज म्हणाला. "उद्या दुपारी सुरू होईल."

"पण माझ्याकडे दुसरं कार्ड आहे हो."

"खातं तेच ना, सर?"

आतून कडी लागली की बाहेर दहा किल्ल्या असून उपयोग नाही, हे हा स्वतः रोज गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आता कोणाला ऐकवणार? कपाळ.

पावणेचार. बोटीवर माणसं चढायला लागली होती. उद्या जावं, असं एकदा त्याच्या मनात आलंही. पण उद्यापर्यंत दादा नसला तर? या अभिमानाचं मग लोणचं घालायचं का? स्वतःचाच भयंकर राग आला त्याला, आणि त्या रागातच त्याने वहिनीचा नंबर लावला.

उचलला दादाने. आवाज ओळखू येईना, इतका बारीक झाला होता.

"दादा, मी बोलतोय. बंदरावर आहे," किल्लीवाला म्हणाला. पुढचं काही केल्या बाहेर पडेना. "कार्ड चालत नाहीये. पैसे हवे होते रे थोडे."

"किती?"

याने बोटीच्या तिकिटाचा आकडा सांगितला. दादा हसायला लागला, हसताहसता खोकायला लागला. खोकला थांबेना तशी याची पाचावर धारण बसली.

"अकरा वर्षं वाट बघतोय, तू कधी मागतोस याची," दादा कसाबसा म्हणाला. "आणि मागून मागितलंस काय, तर बोटीचं भाडं."

किल्लीवाला चारचौघांत, एक बूट पायात आणि एक हातात, हमसून रडत होता.

"रडू नकोस. त्या खिडकीतल्याला फोन दे."

म्हाताऱ्याने फोन कानाला लावला, दोन शब्द बोलला आणि तिकीट फाडून पुढे सरकवलं. याने फोन परत घेतला, तेव्हा दादा अजून बोलतच होता.

"चढ पटकन. तू येईपर्यंत मी थांबतो."